घरच्या माणसाला आवतन

मांडव उभा राहिला, अंगण सारवून झालं, गुरुदत्तनं कागदी तिरंगी झेंड्यांच्या माळा या खांबापासून त्या खांबापर्यंत ओढल्या, आणि मधोमध मेढीसाठी खणलेला खड्डा तेवढा रिकामा राहिला. सकाळपासून त्यात दोनदा कोंबडीची पिल्लं पडली. दोन्ही वेळा कलावतीनं ती उचलून बाहेर सोडली आणि दोन्ही वेळा नवऱ्याकडे बघितलं.

काळुराम तिची नजर चुकवत होता. तुळसा त्याची एकुलती एक लेक. नवरामुलगा आनंदा ठाकुर्लीच्या पॉवर हाउसात कामाला, आणि ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरात जन्म घालवलेल्या कोपरीकरांना असा विजेचा जावई म्हणजे मिरवायची गोष्ट. आज हळद, उद्या लग्न. पण उंबराची ओली फांदी मेढ म्हणून मांडवात पुरल्याशिवाय हळद लागत नाही, आणि ती फांदी या घरी येऊरच्या डोंगरावरून राघो वारली आणतो. काळुरामच्या लग्नात राघोच्या बापानं आणली होती, काळुरामचा बाप गोविंदा याच्या लग्नात राघोच्या आज्यानं. दरवेळी पहाटेच यायची.

ऊन अंगणात उतरलं तेव्हा डोंगरावर पाठवलेला दौलत परत आला. हा मिठागरावरचा मुकादम, सरळ बोलणारा माणूस. आज मात्र तो आधी तांब्याभर पाणी प्यायला, मग त्यानं तोंड पुसलं.

"राघ्या नाय येत," तो म्हणाला.

"आजारी हाय?" काळुरामनं विचारलं.

"ठणठणीत हाय. मी बोललो, अरं, मांडव खोलंबलाय. तर बोलला, वेठ बंद झाली."

मांडवातली माणसं हातातली कामं घेऊन तशीच उभी राहिली. वेठ म्हणजे फुकट राबवणं; ती सावकार घेतात, लाकडाचे ठेकेदार घेतात. डहाणूकडच्या वारल्यांनी ती झुगारली त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, आणि त्या वेळी याच ओट्यावर बसून काळुरामनं "बरी खोड मोडली सावकारांची" म्हणून टाळ्या दिल्या होत्या. तो शब्द आपल्या दारात येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"वेठ? मान हाय तो त्याचा!" काळुराम म्हणाला. "आज्यापासूनचा मान. वर्साला मिठाचा टोपला देतो मी त्याला. कोनी घातला हा त्याच्या डोक्यान?"

सगळ्यांनी गुरुदत्तकडे पाहिलं. तो एक झेंडा सरळ करत होता, आणि झेंडा मुळात सरळच होता.

गुरुदत्त काळुरामचा पुतण्या, ठाण्याच्या शाळेत मास्तर, अंगात खादी. नुकत्याच झालेल्या पहिल्या निवडणुकीच्या दिवसांत तो येऊरच्या पाड्यावर गेला होता. दारोदार हात जोडून झाल्यावर त्यानं माणसं गोळा केली आणि सांगितलं, की आता राज्य आपलं आहे, डोंगरातला आणि शहरातला असा भेद नाही, आणि यापुढे कोणी कोणाची वेठ करायची नाही. भाषण इतकं चांगलं झालं की शेवटी त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले.

"मी सर्वसाधारण बोललो होतो, काका," तो म्हणाला.

"सर्वसाधारण म्हंजे?"

"म्हणजे... आपलं घर सोडून." हे तोंडातून गेलं आणि गुरुदत्तची मान खाली गेली. वर्गात एखाद्या मुलानं असं उत्तर दिलं असतं तर त्यानं त्याला बाकावर उभं केलं असतं.

पोपटकाका, काळुरामचा चुलतभाऊ, विडी विझवत पुढं आला. "येवरा कशाला तापतस? खारीच्या बांधावर उंबर हाय. फांदी ती फांदी."

"मंग धवला पन तूच लाव, पोपट," ओट्यावरून आवाज आला.

सखुबाई, काळुरामची थोरली बहीण, इतका वेळ सुपात तांदूळ निवडत होती. ती धवलारीण. आगऱ्याचं लग्न तिच्या धवल्याच्या गाण्यांवर लागतं, आणि कोपरीपासून दिवा गावापर्यंत तिचा आवाज लागला नाही असं लग्न झालं नव्हतं. ती बोलायला लागली की जावई-व्याही सुद्धा पाय पोटाशी घेऊन बसत.

"आत्ये, आपण असं करू," गुरुदत्त म्हणाला. "त्याला रीतसर मजुरी देऊ. म्हणजे वेठीचा प्रश्नच मिटला."

"मेढ मजुरीनं आना, आन नवरा भाड्यानं," सखुबाई म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं. "कालू, मना येक सांग. त्याचे घरी आवतन घेऊन कोन गेलता?"

आवतन म्हणजे हळद लावलेले तांदूळ घेऊन दारात जाणं. तसं सगळ्या कोपरीला, ठाकुर्लीला, दिव्याला दिलं होतं. ज्याच्याशी बांधावरून भांडण चालू होतं त्यालासुद्धा दिलं होतं.

"मला वाटलेला तुम्ही गेलात," कलावती नवऱ्याला म्हणाली.

"घरच्या मानसाला आवतन कसला?" काळुराम खरोखरच गोंधळला. "मी तुना दिला काय आवतन, आक्का? बानं कधी त्याचे बापाला दिला काय? परका हाय काय तो?"

"घरचा हाय ना?"

"घरचाच."

"मंग जेवतो कंय?"

काळुरामनं अंगणापलीकडच्या चिंचेकडे पाहिलं. राघो मांडवाबाहेर चिंचेखाली जेवायचा. त्याचा बापही तिथंच जेवायचा. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत मिळायचं. "त्यालाच तिथं बरा वाटतं," तो अखेर म्हणाला. "सावली हाय."

"बा," आतून तुळसा उंबऱ्यापर्यंत आली. हळदीच्या आधी नवरीनं मांडवात पाऊल टाकायचं नसतं म्हणून ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. "मी लहान असताना त्याच्याजवळ चिंचेखाली जेवायला बसलेली. तुमीच मना उचलून आणलेला. मी रडत होते, तर बोललात, आपली जागा आत हाय. मी तेव्हा विचारलेला, मंग राघोमामाची कंय हाय?"

काळुरामला तो दिवस आठवला. तेव्हा काय उत्तर दिलं ते मात्र आठवेना, कारण दिलंच नव्हतं.

"बैल जुंप," सखुबाई दौलतला म्हणाली. "कालू, फेटा बांध. मी येते, गुरुदत्त येतोय. त्याच्या हातची मेढ आली नाय तर धवला नाय, आन धवला नाय तर लगीन नाय. ठाकुर्लीवाल्यांना मी सांगन."

*

गाडी रेल्वेचं फाटक ओलांडून, मासुंदा तळ्याच्या कडेनं गावाबाहेर पडली. काळुराम मांडीवर हळद-तांदळाचं ताट सांभाळत बसला होता, गाडी हिंदकळली की दोन्ही हात त्यावर धरत होता.

"तुझे लग्नान पन येवरा जीव मुठीन धरून बसला नवता," सखुबाई म्हणाली.

"आक्का, तो नाय बोलला तर?"

"तर पोरीला घरान ठेव. भाकऱ्या चांगल्या करते."

काळुरामला हसू आलं. पण त्याला रागही येत होता, आणि तो कुणावर काढावा ते सुचत नव्हतं. राघोवर काढावा तर तो आपल्या घरी स्वस्थ बसलेला. गुरुदत्तवर काढावा तर पोरगं खोटं बोललं नव्हतं.

गुरुदत्त गाडीमागून चालत होता. त्याला आपलं भाषण शब्दन् शब्द आठवत होतं, आणि आज ते कानाला बरं लागत नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी दौलतपाशी सोडून तिघं वर चढले. पाड्यात राघोचं घर सगळ्यांत वरचं. कुडाच्या भिंतीवर ताजा गेरू फासलेला, अजून ओला. आणि दाराशी, पाण्यानं भरलेल्या मडक्यात, उंबराची फांदी उभी. हिरवीगार, सरळ, काळुरामच्या दंडाएवढी जाड.

तिघंही फांदीकडे बघत राहिले.

"पहाटं तोडली," राघो दारातून म्हणाला. उंच, सडपातळ माणूस. केस पांढरे व्हायला लागलेले. "तुळसाची मेढ हाय. सुकू द्यायची नाय म्हणून पाण्यान ठेवली."

"मंग आलास का नाय?" काळुरामचा आवाज चढला आणि मधेच उतरला.

राघोनं डाव्या हाताचं बोट वर केलं. नखाच्या मुळाशी मतदानाची शाई अजून होती. "मताचे वेळंला हा मास्तर माझे दारान आलता. हात जोडून. मना बोलला, राघोबा, तू या देशाचा धनी हास. माझे बापाला कोनी बा बोलला नवता. मना बरा वाटला. मी गेलो, मत दिला." त्यानं बोट खाली घेतलं. "मंग तुळसाचा लगीन ठरला. मी वाट बघितली. मताला आवतन आला, तर लग्नाला येल. नाय आला. दौलत आला आन बोलला, चल राघ्या, मांडव खोलंबलाय."

गुरुदत्तला काही बोलायचं होतं. पण जे बोलायचं ते त्यानं आधीच फार सुंदर बोलून टाकलं होतं, म्हणून तो गप्प राहिला. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

घरातून राघोची बायको शेवंती आली. हाताला गेरू लागलेला. तिनं सखुबाईला नखशिखान्त न्याहाळलं. "तूच काय गं ती गाणारी?"

"मीच. भिंती कशाला सारवतेस?"

"पोरीचा लगीन हाय होळीनंतर. भिंतीवर पिठानं चौक लिवायचा."

"आन लगीन कोन लावतो तुमचे घरान? भट?"

"भट कशाला? मीच लावते. आमचेत बाईच लावते. धवलेरी."

सखुबाईनं कमरेवर हात ठेवले. "मी धवलारीण."

आणि सखुबाई इतकी हसली की पाड्यातली कुत्री भुंकायला लागली. एवढी वर्षं एका डोंगराच्या अंतरानं दोघी तेच काम करत होत्या आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं. "ऐकलास काय, कालू?" ती म्हणाली. "इहिणीसारखा इचार जुळतोय, आन आमी हिचे नवऱ्याला चिंचेखाली बसवत होतो."

काळुरामनं ताट पुढं केलं. कितीतरी दारांत त्यानं हे तांदूळ दिले होते, ठरलेले शब्द होते, आणि आता एकही आठवेना. "राघो," तो म्हणाला. राघ्या नाही, जीभ जरा अडखळली, पण नीट बोलला. "मी समजत होतो, घरच्याला बोलवायला लागत नाय. तू घरचा नवतास, राघो. घरचा असतास तर आत जेवला असतास. ही माझी चूक, माझे बाची पन. तुळसाचे लग्नाला ये. मामा म्हणून ये."

राघोनं तांदूळ घेतले नाहीत. "मी चिंचेखाली बसनार नाय."

"नको बसू."

"येकटा येनार नाय."

"बायको-पोरी घेऊन ये."

"पाडा येल."

काळुरामनं खाली पसरलेली घरं पाहिली. त्याच्या डोळ्यांसमोर तांदळाची पोती आली, कलावतीचा चेहरा आला. "येऊ दे पाडा," तो म्हणाला. "भात कमी परला तर गुरुदत्त भाषन करल."

राघो हसला. त्याच्याही आधी गुरुदत्त हसला होता. राघोनं दोन्ही हातांनी तांदूळ घेतले.

"थांब," सखुबाई म्हणाली. "आवतन पुरा कवा व्हतो, कालू?"

काळुरामला ठाऊक होतं. आवतन देणाऱ्यानं त्या घरचं पाणी पिऊन उठायचं, नाहीतर आवतन अर्धं. शेवंतीनं आत जाऊन वाळल्या भोपळ्याच्या भांड्यात पाणी आणलं आणि त्याच्यापुढं धरलं. या घरचं पाणी काळुरामच्या घरातलं कुणीच कधी प्यायलं नव्हतं. त्यानं भांडं दोन्ही हातांत घेतलं, तोंडाला लावलं. गार होतं, थोडं मातीच्या वासाचं. चढून आल्यानं घसा कोरडा पडला होता, म्हणून त्यानं ते सगळं संपवलं आणि न लाजता आणखी मागितलं. मनावरचं ओझं उतरल्यासारखं त्याला मोकळं वाटलं.

*

इकडं कोपरीत आनंदाचा काका मारुती उष्टी हळद घेऊन केव्हाच येऊन बसला होता. नवऱ्याची हळद नवरीला लावायची, ती ताटात वाळत चालली होती. कलावतीनं त्याला चहा दिला, मग सरबत, मग पुन्हा चहा. खड्ड्याकडे बघत त्यानं विचारलं, "विहीर खणताय काय?"

तुळसा दारामागून ऐकत होती. तिला उद्याचं लग्न हवं होतं. आनंदा तिला पसंत होता. आणि तरी तिला आत कुठंतरी पक्कं ठाऊक होतं, की राघोमामा आला नाही तर आपण हळदीला पाट धरणार नाही. बापावर गेली होती ती. दोघांच्या हट्टाची वीण एकच.

तेवढ्यात फाटकाच्या बाजूनं वारल्यांच्या फुंकून वाजवायच्या तारप्याचा आवाज आला. लांबट, भरलेला, मधमाश्यांच्या मोहोळासारखा. कोपरीची पोरं पळत सुटली. पुढं राघो, खांद्यावर उंबराची फांदी. मागं अख्खा पाडा, बायकांच्या केसांत फुलं. शेवंती आणि सखुबाई गाडीत शेजारी बसलेल्या, आणि काळुराम गाडीमागून चालत. गुरुदत्त तारपेवाल्याच्या मागं पाय टाकायला शिकत होता. त्याला जमत नव्हतं, पण तो सोडतही नव्हता.

राघोनं मेढ खड्ड्यात उभी केली आणि टाचेनं माती दाबली. सखुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मेढीचा धवला तुळसा लहानपणापासून ऐकत आली होती. त्यात विचारतात, मेढ कोणी आणली, आणि उत्तर ठरलेलं असतं: डोंगरानं आणली. जणू डोंगर स्वतः चालत यायचा. सखुबाईनं आवाज लावला:

"मांडवाला मेढ गो, कोनी आनिली,
राघो मामानी आनिली, तुलशीचे..."

पुढच्या ओळीला शेवंतीनं आपल्या चालीत सूर मिसळला. दोन चाली काही नीट जुळल्या नाहीत. सखुबाई उंच जायची, शेवंती खाली राहायची, आणि मध्येच दोघी थांबून एकमेकींना "तू घे, तू घे" करायच्या. पण राघो मामाच्या नावाशी दोघी बरोबर भेटत होत्या. तुळसा पाटावर येऊन बसली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. कलावतीनं वाळलेल्या हळदीत पाणी घालून ती तिच्या गालांना लावली.

पंगत बसली ती मांडवात. पहिलं पान मामाचं, म्हणून राघोचं. पोपटकाकानं ते पाहिलं, धोतर झटकलं आणि उठला. "मी घरी जेवन," तो म्हणाला, आणि बायकोकडे बघितलं. त्याची बायको पानावर बसलेली होती. "जा तुमी," ती म्हणाली, "चूल विझलेली हाय." पोपटकाका गेला. कुणी त्याला अडवलं नाही, आणि त्याचं दुःख काळुरामला झालं नाही असंही नाही. एका रक्ताचा माणूस होता.

आता सगळ्यांचे डोळे मारुतीवर. व्याह्यांकडचा माणूस, तो उठला तर उद्याची वरात येईल की नाही याची शाश्वती नव्हती. मारुतीनं राघोकडे पाहिलं, काळुरामकडे पाहिलं.

"हे कोन?"

काळुरामच्या तोंडाला कोरड पडली. पण तो पाणी प्यायलेला होता. "मुलीचे मामा," तो म्हणाला. "येऊरचे."

मारुती उठला. मग आपलं पान उचलून राघोच्या शेजारी नेऊन बसला. "मामाला पहिला वाढतात," तो म्हणाला. "बाजूच्याला दुसरा. चहानं पोट भरत नाय, इहीनबाय." कलावती भात घेऊन धावली.

भात शेवटच्या पंगतीला कमी पडला. गुरुदत्तला भाषण करायला सांगितलं, तर त्यानं भाकऱ्या थापायला घेतल्या आणि त्या कुणाला खाववल्या नाहीत.

दिवेलागण झाली. पाडा निघायच्या तयारीला लागला. राघो मात्र मांडवात उभा होता. त्यानं कमरेला खोचलेली पुडी सोडली. त्यात तांदूळ होते, हळद लावलेले.

"कालूभाऊ," तो म्हणाला. आजपर्यंत शेठ म्हणायचा. "होळीनंतर माझे पोरीचा लगीन हाय. तू ये. मीठ घेऊन ये, सगळा घर घेऊन ये. आवतन आताच देतो. नायतर मंग बोलशील, घरच्याला कशाला."

काळुरामनं ओंजळ पुढं केली आणि तांदूळ घेतले. त्याला वाटलं, झालं. पण राघो तिथंच उभा राहिला, हात बाजूला सोडून, काही न मागता.

काळुरामच्या ध्यानात आलं. आवतन अजून अर्धं होतं.

कलावती पुढं झाली, तर त्यानं तिला हातानंच थांबवलं. तो स्वतः घरात गेला. माजघर, मग स्वयंपाकघर. देवापाशी ठेवलेला पितळेचा तांब्या उचलला, माठातून भरला. मांडवातल्या माणसांना आतून भांडी सांडल्याचा आवाज आला, कारण काळुरामला आपल्याच घरात पेला कुठं असतो ते ठाऊक नव्हतं.

"कालू," सखुबाई ओरडली, "बुडालास काय माठान?"

पेला सापडलाच नाही. तो तांब्याच घेऊन बाहेर आला आणि राघोपुढं धरला. राघोची ओंजळ सवयीनं पुढं आली होती. ती त्यानं उघडली, तांब्या दोन्ही तळव्यांत धरला, तोंडाला लावला आणि सावकाश प्यायला. थोडं पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं. संपल्यावर त्यानं तांब्या परत केला.

"आनखी?" काळुरामनं विचारलं.

"आन," राघो म्हणाला.